‘सुवर्णकाळ’ नावाचा आळस : महाराष्ट्राच्या रणजी संघांची तुलना कशी करू नये

१/
रणजी हंगाम तोंडावर आला की पिंपरी-चिंचवडपासून पुण्याच्या पेठांपर्यंत एक तक्ता फिरू लागतो. डाव्या स्तंभात प्रा. दि. ब. देवधर यांचा १९३९-४१ चा महाराष्ट्र, उजव्या स्तंभात केदार जाधव आणि ऋतुराज गायकवाड यांच्या पिढीचा. डावीकडे दोन करंडक, उजवीकडे शून्य. तळाशी निष्कर्ष ठरलेला : आपला सुवर्णकाळ गेला तो गेलाच. आजचा धागा या तक्त्याविरुद्ध आहे.

२/
माझे म्हणणे आधीच मांडतो, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना वाट पाहावी लागणार नाही. २०१३-१४ चा महाराष्ट्र संघ अंतिम सामना हरला. तरीही तो १९४१ च्या विजेत्या संघाहून श्रेष्ठ ठरतो. हे विधान देवधरांच्या अनादरातून आलेले नाही. ते धावफलकांतून, आणि त्याहून अधिक स्पर्धेच्या रचनेतून आले आहे. तक्त्यात नेमकी ही रचनाच गायब असते.

३/
प्रथम नावाविषयी. ज्या ‘महाराष्ट्रा’ने १९३९-४० मध्ये रणजी करंडक जिंकला, त्या नावाचे राज्यच तेव्हा अस्तित्वात नव्हते, ते १ मे १९६० रोजी आले. संघ राज्याहून दोन दशकांनी ज्येष्ठ आहे! आणि राज्य आले तरी मुंबई व विदर्भ यांचे संघ वेगळेच राहिले. म्हणजे हा ‘महाराष्ट्र’ पूर्वीही संपूर्ण महाराष्ट्राचा नव्हता, आजही नाही. नाव एक राहिले म्हणून संस्था, तिचा पैसा, तिचे खेळाडू आणि तिचे प्रतिस्पर्धीही एकच राहिले, असे गृहीत धरणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात सोडून द्यावयाची सवय आहे.

४/
आता डावा स्तंभ. त्याचे तेज खरे आहे, ते कमी लेखण्याचे कारण नाही. १९३९-४० मध्ये पुण्यात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय भूमीवरील प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधले हे पहिले त्रिशतक. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा पराभव झाला. पुढच्या वर्षी मद्रासला त्यांच्याच मैदानावर नमवून करंडक राखला गेला. कर्णधार होते सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक. पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या गृहस्थांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. आजच्या तंदुरुस्ती-चाचणीच्या काळात त्या वयाच्या फलंदाजाला निवड समितीने दारातूनच नमस्कार केला असता.

५/
पण तोच मुंबईविरुद्धचा सामना नीट वाचा. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. निकाल पहिल्या डावातील २५ धावांच्या आघाडीवर. दोन संघांनी मिळून १,३२५ धावा केल्या आणि दुसऱ्या डावाचा प्रश्नच उद्भवला नाही. हा विजय होता, यात वाद नाही. मात्र प्रतिस्पर्ध्याला दोनदा बाद करून मिळवलेला विजय आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा २५ धावा अधिक करून मिळवलेली आघाडी यांना तक्त्यात एकाच टिंबाने दाखवले जाते. करंडकांची मोजणी करणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, कारण करंडकावर तो कोरलेला नसतो.

६/
दुसरे म्हणजे वाटचाल. त्या काळी स्पर्धा बाद पद्धतीची होती. चार-पाच सामने हरला नाहीत की करंडक तुमचा. एक सपाट खेळपट्टी, एक नाणेफेक, एक मोठी खेळी, आणि बलाढ्य संघ वर्षभरासाठी घरी. ही पद्धत चांगल्या संघाला संधी देते, हे मान्य. ती नशिबालाही तितकीच संधी देते.

७/
तिसरे म्हणजे तो संघ टिकला का नाही? ‘सुवर्णकाळा’चे पुजारी इथे मौन धरतात. हजारे सांगलीचे, १९४१ नंतर ते बडोद्याकडून खेळू लागले. महाराष्ट्राने घडवलेला फलंदाज बडोद्याचा झाला आणि १९४६-४७ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला, तेव्हा होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गुल महंमदच्या साथीने ५७७ धावांची भागी रचली. खंडू रांगणेकर महाराष्ट्राकडून सुरुवात करून मुंबईकर झाले. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राखेरीज बडोदा, होळकर आणि रेल्वे यांच्याकडूनही खेळले.

८/
कारण सरळ आहे. त्या वेळी क्रिकेट पोट भरत नसे. नोकरी पोट भरत असे, आणि नोकरी देणारे होते संस्थानिक किंवा मुंबईच्या कंपन्या. बडोद्याला गायकवाड होते, इंदूरला होळकर. महाराष्ट्राच्या संघामागे काय होते? पुण्याची महाविद्यालये आणि जिमखाने. म्हणजे विद्यार्थी घडवण्याची व्यवस्था होती, त्यांना धरून ठेवण्याची नव्हती. दोन करंडकांचा ‘काळ’ म्हणावा तर तो दोनच हंगामांचा होता, आणि तो संपला तो पुढच्या पिढीच्या नालायकीमुळे नव्हे.

९/
यानंतर तक्तेवाल्यांचे लाडके अस्त्र बाहेर येते : ४४३. डिसेंबर १९४८, पुणे. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या आणि निंबाळकर नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी. काठियावाडचे कर्णधार, म्हणजे राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला. संघ मैदानावर परतलाच नाही. विक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. निंबाळकरांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. या अन्यायावर स्वतंत्र धागा होईल.

१०/
परंतु त्याच हंगामात, तीन महिन्यांनी, पुण्यातच काय झाले ते त्या तक्त्यात का नसते? मार्च १९४९, उपांत्य सामना, समोर मुंबई. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४ वर डाव घोषित. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २,३७६ धावा, नऊ शतके. महाराष्ट्र ३५४ धावांनी पराभूत. चौथ्या डावात सहाशे धावा करूनही साडेतीनशेने हरलेला संघ, ही कल्पनाच करून पाहा.

११/
तोच संघ, तेच शहर, तोच हंगाम. काठियावाडसमोर ८२६, आणि मुंबईसमोर दोन्ही डावांत गोलंदाजीची चाळण. तीन महिन्यांत एकाच संघाचे मोजमाप इतके बदलत असेल, तर पंचाहत्तर वर्षांच्या अंतरावरील दोन संघांची सरासरी शेजारी-शेजारी मांडून आपण नेमके काय मोजत असतो?

१२/
हाच सापळा अलीकडच्या बाजूनेही लावता येतो, म्हणून ‘आमची पिढी भारी’ म्हणणाऱ्यांनीही थांबावे. ऑक्टोबर २०१६, वानखेडे, महाराष्ट्र विरुद्ध दिल्ली. स्वप्नील गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ५९४. बडोद्याच्या त्या ५७७ ला मागे टाकणारी, रणजीतील तोवरची सर्वांत मोठी भागी. मग दिल्लीकडून रिषभ पंतने ३०८ काढल्या आणि सामना अनिर्णित राहिला. ५९४ ने सामना जिंकला नाही, ४४३ ने हंगाम जिंकला नाही. थोर खेळी म्हणजे थोर संघ नव्हे.

१३/
आता मुख्य मुद्दा. १९५७-५८ पासून रणजीत विभागीय साखळी आली आणि प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जाऊ लागला. पश्चिम विभागात महाराष्ट्राबरोबर कोण? मुंबई, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. पहिल्या वर्षी बडोद्याने करंडकच जिंकला. (त्या बडोद्याच्या संघात पुण्यात जन्मलेले चंदू बोर्डे होते. संस्थान विलीन झाले तरी ओढ कायम होती.) आणि १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबई विजेती.

१४/
याचा अर्थ आकडेमोडीने काढा. १९५८-५९ ते १९६९-७० हे बारा हंगाम. दरवाजा एक, आणि त्या दरवाजातून दरवर्षी मुंबई गेली. महाराष्ट्राचा संघ त्या बारा वर्षांत देशात दुसऱ्या क्रमांकाचा असता, तरी धावफलकाच्या इतिहासात तो ‘साखळीतच गारद’ असाच दिसला असता. दक्षिणेत किंवा पूर्वेत असता तर कदाचित चार अंतिम सामने खेळला असता. हे ‘कदाचित’ सिद्ध करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण उलट बाजूने ‘ते कमी दर्जाचे होते’ हेही त्या नोंदींवरून सिद्ध होत नाही, आणि तक्ता नेमके तेच सिद्ध झाल्यासारखे बोलतो.

१५/
पुरावा हवा? १९७०-७१ मध्ये नियम बदलला, प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्याच हंगामात महाराष्ट्र अंतिम सामन्यात. १९९२-९३ मध्ये पुन्हा नियम बदलला, प्रत्येक विभागातून तीन संघ. त्याच हंगामात महाराष्ट्र अंतिम सामन्यात, पंजाबविरुद्ध. दार रुंद झाले त्या दोन्ही वर्षी हा संघ थेट शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला. एकदा योगायोग म्हणता येईल. दोनदा झाल्यावर मी तरी रचनेकडे बोट दाखवीन.

१६/
१९७०-७१ च्या संघाला मात्र मी सूट देणार नाही. कर्णधार बोर्डे, सोबत चेतन चौहान, हेमंत कानिटकर. समोरची मुंबई अर्धी रिकामी : वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मांकड सगळे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या फळीच्या मुंबईकडून महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. इतकी मोकळी संधी या संघाला ना आधी मिळाली, ना नंतर. चौहान काही वर्षांनी दिल्लीला गेले, आणि दिल्लीने १९७८-७९ व १९७९-८० असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. जुने दुखणे, नवा पत्ता.

१७/
आता २०१३-१४. तेव्हा सत्तावीस संघ, नऊ-नऊचे तीन गट. महाराष्ट्र सर्वांत खालच्या ‘क’ गटात. आठ साखळी सामने आणि मग बाद फेरी. ‘क’ गटात समोर गोवा, त्रिपुरा, आसाम, जम्मू-काश्मीर. तिथे धावा केल्या तर काय मोठे, हा आक्षेप येणारच. तो रास्त आहे. केदार जाधवच्या त्या हंगामातील १,२२३ धावा आणि सहा शतके यांतून गटाच्या दर्जाचे काही टक्के खुशाल वजा करा. मी स्वतः साखळी सामने बाजूला ठेवतो आणि फक्त बाद फेरी पाहतो.

१८/
उपांत्यपूर्व सामना, वानखेडे, जानेवारी २०१४. समोर गतविजेती मुंबई, नावावर ४० करंडक. मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. पहिल्या डावात १२२ धावांनी मागे. म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी महाराष्ट्र बाहेर. जिंकण्याचा एकच मार्ग उरला होता : मुंबईला तिच्याच घरात पुन्हा बाद करणे आणि चौथ्या डावात पाठलाग करणे. मुंबई १२९ धावांत संपली. लक्ष्य २५२. केदार जाधव नाबाद १२०, एकोणीस वर्षांचा विजय झोल नाबाद ९१. आठ गडी राखून विजय.

१९/
आता हा धावफलक १९४१ च्या ६७५-६५० शेजारी ठेवा. तिथे घरच्या मैदानावर २५ धावांची आघाडी. इथे परक्या मैदानावर १२२ धावांची पिछाडी पुसून निर्णायक विजय. दोन्ही वेळी समोर मुंबईच. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे दोन सामने असल्याने ही तुलना तरी वैध आहे. यातला मोठा विजय कोणता, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही.

२०/
पुढे उपांत्य सामन्यात बंगालचा पहिला डाव ११४ धावांत गुंडाळून दहा गडी राखून विजय. हैदराबादच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गडी राखून हरवले, के. एल. राहुलचे शतक निर्णायक ठरले. रोहित मोटवानीच्या संघाने त्या हंगामात अकरा सामने खेळले. १९४१ च्या विजेत्यांना याच्या निम्म्याहूनही कमी सामन्यांत करंडक मिळाला होता. आणि तक्त्यात मोटवानीच्या संघासमोर शून्य.

२१/
इतिहासप्रेमी मित्रहो, आपण एरवी असे वागत नाही. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर चाकणचा छोटासा भुईकोट संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने सुमारे दोन महिने झुंजवला आणि अखेर किल्ला पडला. आज त्या कोटाच्या पडक्या तटाभोवती वाहनकारखान्यांच्या मालमोटारींची रांग असते. तरीही तिथे गेलेला एकही शाळकरी मुलगा ‘फिरंगोजी : विजय शून्य’ असे म्हणत नाही. समोर कोण होते आणि हाताशी काय होते, हे विचारूनच आपण त्या लढाईचे मोल ठरवतो. क्रिकेटचा विषय निघाला की ही शिस्त कुठे जाते?

२२/
हा वाद केवळ जुन्या कागदांचा असता तर मी इतकी शाई खर्च केली नसती. देवधरांच्या काळी सांगवी, थेरगाव, गहुंजे ही खेडी होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागोमाग मोठे उद्योग आले, वसाहती उभ्या राहिल्या, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. आज महाराष्ट्राच्या संघाचे घर गहुंज्याला, द्रुतगती मार्गाच्या कडेला आहे. जुन्या सांगवीचा ऋतुराज थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडला. (ज्या मुंबईने बारा वर्षे दार अडवले, तिच्याच एका कर्णधाराच्या नावाची अकादमी! इतिहासाला विनोदबुद्धी आहे.) संघाची भूमीच पेठांतून आणि जिमखान्यांतून कारखान्यांच्या पट्ट्याकडे सरकली आहे. त्या पट्ट्यातील पोरांना ‘तुमच्या आधी सगळे होऊन गेले’ असे सांगणारा तक्ता निरुपद्रवी नाही. त्यात मला जुन्या पुण्याच्या ऐटीचा वासही येतो.

२३/
‘मग तुलनाच करायची नाही का?’ करायची, जरूर करायची. मी वर केलीच आहे. माझा क्रम असा : २०१३-१४ पहिला, १९४०-४१ दुसरा, १९७०-७१ बराच खाली, कारण त्यांनी दार उघडे असताना उंबरठ्यावर ठेच खाल्ली. १९४८-४९ चा संघ फलंदाजीत चौघांतही अव्वल आणि गोलंदाजीत बहुधा शेवटचा. १९६० च्या दशकातील संघांना मी क्रमांकच देत नाही. त्यांची परीक्षा कधी पूर्ण झालीच नाही.

२४/
तक्ता बनवणाऱ्यांनी फक्त तीन स्तंभ वाढवावेत : विभागातून किती संघ पुढे जात होते, एकूण किती सामने खेळावे लागले, आणि विजय निर्णायक होता की आघाडीचा. मग जानेवारी २०२३ चा ब्रेबॉर्नवरील सामना त्यात भरून पाहावा. महाराष्ट्र पहिल्या डावात ३८४, मुंबईही बरोबर ३८४. आघाडी कुणालाच नाही, सामना अनिर्णित, दोघेही बाद फेरीबाहेर. ही नोंद ‘सुवर्ण’ की ‘शून्य’, कोणत्या स्तंभात टाकणार, हे ज्याला सुचेल त्याने जरूर कळवावे. मतभेद असणाऱ्यांचे स्वागत आहे; येताना धावफलक मात्र घेऊन या.